मदत हवी आहे: बाबांसाठी ‘गनस्मोक’

बाबा 1971 मध्ये अमेरिकेत कॅन्ससला शिकायला होते. दर सोमवारी रात्री वसतिगृहातली सगळी पोरं टीव्हीसमोर बसून ‘गनस्मोक’ ही काउबॉयांच्या काळातली (वेस्टर्न) मालिका बघायची. त्यातलं डॉज सिटी गाव, तिथला मार्शल (कायदा राखणारा अधिकारी) मॅट डिलन आणि त्याचा साथीदार, बाबांचा सर्वांत लाडका फेस्टस! त्याच्या खेचराचं नाव रूथ, हे अजूनही ते हसत हसत सांगतात.

मालिका 1955 ते 1975 चालली, भाग तब्बल 635. मला 1967 नंतरचे, रंगीत, फेस्टस असलेले भाग हवेत. बाबांना आता कमी ऐकू येतं, म्हणून इंग्रजी सबटायटल्स हवीतच.

डीव्हीडींना प्रदेशानुसार रीजन क्रमांक असतो; अमेरिकेतल्या डीव्हीडी रीजन 1 च्या असतात, आपल्याकडे रीजन 5, त्यामुळे तिकडच्या डीव्हीडी आपल्या साध्या प्लेअरवर चालत नाहीत. पुण्यात सगळे रीजन चालणारा प्लेअर कुठे मिळेल? कुणी तिकडून या मालिकेचा डीव्हीडी संच आणलाय का? त्यात सबटायटल्स आहेत का? पुढच्या महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.