मदत हवी आहे: मोंबासाहून थेट मुंबईला उतरायचंय

नमस्कार मंडळी. मी मूळची नाशिकची, शरणपूरची. आता लेस्टरला असते. आमच्या चर्चचा गट ऑगस्टमध्ये दोन आठवडे केनियातल्या मोंबासाच्या अँग्लिकन मंडळीकडे जातोय. शाळेच्या खोल्या रंगवायच्या, मुलांचं संडे स्कूल घ्यायचं.

गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं आमच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली आणि १८७०च्या दशकात त्यांतली बरीच मोंबासाजवळ फ्रीअरटाउनला जाऊन वसली. तिथली जुनी घंटा मला डोळे भरून बघायची आहे.

अडचण अशी, की परतताना आईला भेटायला मी थेट मुंबईला येणार. केनियाहून येणाऱ्यांना भारतात पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, लसही निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. पण मला साठी उलटलीय, त्यामुळे डॉक्टर लस द्यायला कचरतात. लस न घेण्याचं डॉक्टरांचं पत्र घेऊन कुणी मुंबईला उतरलंय का? विमानतळावर अडवलं का?

आणखी एक. तिथल्या बाईंनी फोनवर फक्त वह्या आणि खडू मागितलेत. ते इथून न्यावेत की मोंबासाच्याच दुकानात घ्यावेत? मला तिथेच घेणं बरं वाटतं. कुणी तिकडे राहिलं असेल तर जरूर सांगा.