सल्ला हवा: नोंदणीच्या साइटवर डेटाबेस जोडणीची एरर

वरुडचा_कास्तकार: नमस्कार मंडळी. आमच्या संत्रा उत्पादक गटाची नोंदणीची साइट पीएचपी (पानांचा कोड) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) मध्ये आहे, ऑफिसच्या पीसीवर विंडोजमध्ये झॅम्पवर, म्हणजे हे सगळं एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालते. अंबिया बहाराच्या नोंदणीला सकाळी सगळे एकदम फोन उघडतात आणि 'टू मेनी कनेक्शन्स' येतं. लाईन जाऊन आली की 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. वरून पानावर डेटाबेसचं युजरनेम आणि फाइलचा पत्ता सगळ्या गावाला दिसतो. महिन्याला ५०० च्या वर खर्च जमत नाही. काय करू?

नागपूरकर_डेव्ह: क्लाउड सर्व्हर घ्या. माझे दोनेक हजार जातात महिन्याला, पण डोक्याला ताप नाही.

मोर्शी_रोड: काहून बाप्पा क्लाउडच्या मागे लागता! इन्व्हर्टर घ्या, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी. दुकानात लावला तवापासून पीसी एकदाही बंद पडला नाही. लाईन हाच खरा रोग आहे.

धामणगावची_ताई: दोन वेगळ्या भानगडी आहेत, एकत्र करू नका. एररचा नंबर पाहा. १०४० म्हणजे जोडण्या संपल्या, २००२ म्हणजे डेटाबेस सुरूच नाही, १०४५ म्हणजे पासवर्ड चुकला. पीसी चालू झाल्यावर मायएसक्यूएल आपोआप उठत नसेल तर झॅम्पचं पॅनेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि मायएसक्यूएलपुढच्या सर्व्हिसच्या खुणेवर क्लिक करा. फुकटात होतं.

आर्वीवाला: मॅक्स कनेक्शन्स, म्हणजे एकावेळच्या जोडण्यांची मर्यादा, १००० करून टाका, विषय संपला.

धामणगावची_ताई: मुळात १५१ असतं, पण हजार जोडण्यांना मेमरी लागते दादा. ऑफिसच्या पीसीत ती आणणार कुठून? आधी डेटाबेसवर 'शो प्रोसेसलिस्ट' चालवा, उघड्या जोडण्यांची यादी दिसेल.

पीडीओ_भक्त: पीएचपीतून डेटाबेस जोडायला मायएसक्यूएलआय सोडा, त्याऐवजी पीडीओ वापरा.

आर्वीवाला: पीडीओनं काय १५१ चे ३०० होतात का?

वरुडचा_कास्तकार: ताई, यादी पाहिली. बहुतेक ओळींपुढे 'स्लीप' आहे, म्हणजे जोडणी नुसती उघडी. कोडमध्ये होस्टच्या (डेटाबेसच्या पत्त्याच्या) आधी 'पी:' लिहिलं आहे, त्यानं होतं का?

धामणगावची_ताई: त्यानंच. 'पी:' म्हणजे पान संपलं तरी जोडणी उघडी राहते. वेट टाइमआउट (रिकामी जोडणी किती वेळानं तोडायची) मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास. 'पी:' काढा. आणि पीएचपी ८.१ पासून जोडणी फसली की मायएसक्यूएलआय थेट एक्सेप्शन फेकतं (कोड तिथंच तुटतो), त्यामुळे जोडणीपुढे लिहिलेल्या 'ऑर डाय'च्या निरोपापर्यंत गोष्ट पोचतच नाही. जोडणी ट्राय-कॅचमध्ये (एक्सेप्शन पकडणाऱ्या कोडमध्ये) घ्या, खरी एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदीच्या फाइलीत, लिहा, पानावर एरर दाखवणारं 'डिस्प्ले एरर्स' बंद करा. लोकांना ५०३ कोडसह (सेवा तात्पुरती बंद) साध्या मराठीत सांगा, 'थोड्या वेळानं पुन्हा या'. कास्तकाराला वाटायला नको की आपला अर्ज बुडाला.

दारव्हा_एक्सप्रेस: आमची साइट ज्यानं बनवली तो पैसे घेऊन फोनच उचलत नाही. लॉग कुठं असतो हेही सांगून गेला नाही.

नागपूरकर_डेव्ह: म्हणून म्हणतो, क्लाउड.

मोर्शी_रोड: इन्व्हर्टरचं बोला ना कोणी.

वरुडचा_कास्तकार: सगळ्यांचे आभार. ट्राय-कॅच, लॉग आणि सर्व्हिसची खूण आज केली. आता पानावर आपला मराठी निरोप दिसतो, युजरनेम नाही. 'पी:' मात्र ठेवतो, साइट झटकन उघडते; वेट टाइमआउट १२० केला आहे. क्लाउड, इन्व्हर्टर सध्या नाही. गटानं गावांना वार वाटून दिले, सोमवारी शेंदुरजना घाटची नोंदणी आहे. त्या सकाळची प्रोसेसलिस्ट इथं टाकतो.

धामणगावची_ताई: टाका. पण 'पी:' काढाच, मी सांगून ठेवते.