स्पितीचा हिवाळा: तिथे राहिलेल्यांचे आणि तिथून परतलेल्यांचे अनुभव

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्याविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले असते. पुढे कुंझुम खिंडीत बर्फ साचते, मनालीकडची वाट उन्हाळा येईपर्यंत मिटते आणि किन्नौरमधून नदीच्या काठाकाठाने येणारा एकच रस्ता उरतो. 2020 साली अटल बोगदा खुला झाल्यापासून शेजारच्या लाहौल खोऱ्याची हिवाळ्यातली कोंडी बरीच सुटली. स्पिती मात्र कुंझुमच्या पलीकडे असल्याने त्या बाजूने आजही तुटतेच. अशा प्रदेशात स्वतःहून राहिलेल्या किंवा तिथल्या डोंगरांत पायी हिंडलेल्या मराठी माणसांनी पाणी, सरपण, आजारपण आणि घरचे निरोप यांविषयी लिहावे, अशी या धाग्यामागची इच्छा आहे. देखाव्यांचे वर्णन कमी असले तरी चालेल.

सुरुवात मी करते. स्पितीतल्या काझा गावात मी दोन हिवाळे शिकवत होते. डिसेंबरात नळ गोठले, की पहाटेची पहिली चिंता पाण्याची असते. नाल्यावरचे बर्फ कुऱ्हाडीने फोडून खालचे पाणी डबड्याने बादलीत भरायचे, आणि घरी पोहोचेपर्यंत बादलीच्या कडेला पुन्हा बर्फाची किनार धरलेली असायची. ओल्या हाताने दाराची लोखंडी कडी धरू नये, हे मला घरमालकीणबाईंनी, म्हणजे आमच्या अमांनी, पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. तरी एकदा विसरले आणि बोटांची साल कडीला चिकटून राहिली. त्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे साध्या पातेल्यात तूरडाळ तासन् तास ठेवली तरी कणीदारच राहते आणि कुकरवाचून गत्यंतर नसते. घरात अनेक खोल्या असूनही थंडीचे चार-पाच महिने सारे कुटुंब एकाच खोलीत, लोखंडी शेगडीभोवती राहते. तिला तिथे तंदूर म्हणतात. तिच्यात लाकडाबरोबर वाळलेल्या गोवऱ्या जळतात आणि उन्हाळाभर बायका त्याच गोळा करत असतात. बर्फ पडून थांबले, की आधी फावडी घेऊन धाब्यावर चढायचे, कारण मातीच्या छपरावर बर्फ वितळू दिले तर घर गळते. शाळेचे काम त्यानंतर.

किब्बर, तीन हिवाळे

ताईंनी पाण्याविषयी लिहिले, मी जनावरांविषयी लिहितो. वन्यजीव निरीक्षणाच्या कामासाठी मी किब्बरला राहिलो. हे गाव 4,200 मीटरच्या आसपास आहे. भरल या डोंगरी रानमेंढ्यांचे कळप थंडीत खाली उतरतात आणि त्यांच्या मागोमाग हिमबिबट्याही येतो. 2024 साली जाहीर झालेल्या देशव्यापी मोजणीत हिमबिबट्यांची संख्या 718 आली, त्यांपैकी हिमाचलात 51. इतक्या विरळ प्राण्याची वाट पाहत उणे वीस अंशांत दुर्बिणीला डोळा लावून बसताना मला सोबत असायची ती गावातल्याच एका काकांची. दगड आणि जनावर यांतला फरक त्यांना शेपटीच्या हालचालीवरून मैलभर अंतरावर कळायचा. याच काकांच्या गोठ्यात एके वर्षी हिमबिबट्या शिरला होता आणि एका रात्रीत नऊ मेंढ्या गेल्या होत्या. त्याविषयी सांगताना त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो रास्तच होता. पुढे गोठ्यावर जाळी बसली, गावात पशुधनाचा विमा आला आणि काका स्वतः वाटाड्याचे काम करू लागले. हिमबिबट्याच्या छायाचित्रांचे कौतुक होते तेव्हा त्या नऊ मेंढ्यांचाही उल्लेख व्हावा, असे मला मनापासून वाटते.

पिन-पार्वती, अर्धी वाट

माझा अनुभव सप्टेंबरचा आहे, पण आजारपणाविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. पिन-पार्वती खिंड 5,319 मीटर उंच आहे. आम्ही मनालीहून दोन दिवसांत मुद गावी पोहोचलो आणि लगेच चढू लागलो. आयोजकांच्या आखणीत विश्रांतीचा दिवसच नव्हता. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा साधा नियम मला तेव्हा ठाऊक नव्हता. खिंडीखालच्या मुक्कामी आमच्यातल्या एकाला खोकला सुरू झाला. नुसते पडून राहिले तरी धाप लागत होती, ओठ निळसर दिसत होते आणि पाठीला कान लावल्यावर केस चुरगाळल्यासारखा बारीक आवाज येत होता. सकाळपर्यंत थांबू, असे आम्ही म्हणत होतो. सामान वाहणाऱ्या स्पितीच्या मुलाने मात्र कोणाला न विचारता तंबू आवरायला घेतला आणि म्हणाला, “दीदी, सकाळ यालाच मिळाली पाहिजे.” रात्रभर विजेरीच्या उजेडात उतरलो. हजारेक मीटर खाली आल्यावर मित्राची धाप कमी झाली. खिंड मी अजून पाहिलेली नाही.

चिचम, 2012

थोडक्यात लिहितो. किब्बर आणि चिचम यांच्यामधल्या घळीवर 2017 साली पूल झाला. त्याआधी तारेवरच्या पाळण्यात बसून, दोर हाताने ओढत पलीकडे जावे लागे. माझ्याबरोबर पिठाचे पोते होते आणि त्यावर एक आजी निवांत बसल्या होत्या.

काझा, अजूनही

सौर उष्णतेवर उबदार राहणाऱ्या खोल्या बांधण्याच्या कामासाठी मी इथे आलो. दक्षिणेकडे काच लावली, की दिवसभराचे ऊन भिंतीत मुरते आणि रात्री सरपण कमी लागते. 2011 च्या फेब्रुवारीत वडील गेले. निरोप एका कार्यालयातल्या दूरध्वनीवर आला आणि तो माझ्यापर्यंत दुसऱ्या दिवशी पोहोचला. काझाहून निघालो, नाकोजवळ मलिंगच्या नाल्यात रस्ता वाहून गेलेला होता. पलीकडच्या बाजूला गाडी मिळेल या आशेवर गावकऱ्यांच्या हाताला धरून दरडीवरून चालत गेलो. कोल्हापूरला पोहोचायला सहा दिवस लागले. धाकट्या भावाने सगळे उरकले होते. मी परत जाऊ नये असे नातेवाइकांपैकी अनेकांनी बोलून दाखवले. आईने फक्त तिथे थंडी किती असते ते विचारले. जूनमध्ये निघालो तेव्हा तिने वडिलांच्या जुन्या धोतरांची शिवलेली गोधडी माझ्या सामानावर बांधून दिली. ती या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर आहे.