दोन मुकादमांची उचल घेणारी शेवंता: कुणाकुणाचं ऐकू?

घाटावरची:
दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. नायिका शेवंता, बीडकडची. नवऱ्याबरोबर आमच्या सांगलीकडे ऊसतोडीला येते, दोन मुकादमांची (टोळ्या आणणाऱ्या ठेकेदारांची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेते आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता लागू देत नाही. कच्चा खर्डा ओळखीच्यांना वाचायला दिला नि डोकं फिरायची वेळ आली. एकीचं म्हणणं, कष्टकरी बाई अशी लबाड दाखवणं बरं दिसत नाही. एकाला तिनं मोर्चा काढायला हवाय. एक ताई विचारतात, गर्भाशयाच्या ऑपरेशनचा विषय कसा नाही? एका काकांना तर ती हसते हेच खटकलं! सगळ्यांच्या दुरुस्त्या केल्या तर शेवंता सरकारी पोस्टरवरची बाई होईल. मी स्वतः बागायतदाराच्या घरातली, आमच्याच फडात टोळ्या उतरायच्या, त्यामुळे जरा बिचकतेही. काय मनावर घ्यायचं?

कोयत्याचा_पोरगा:
ताई, माझे आईबाप तोडीलाच जायचे. दोन उचली घेणारे आमच्या वस्तीत होते, सापडल्यावर त्यांचे काय हाल झाले तेही बघितलंय. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, हिशोब टनावर. खाडा झाला की दंड, फिटलं नाही की बाकी पुढच्या सालावर. यात अडकलेली बाई लबाडी नाही करणार तर काय ओव्या गाईल?

माझ्या आईच्या हातातली रोकड म्हणजे वाढे, उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेली. तिन्हीसांजेला गाववाले गुरांसाठी वाढे न्यायला यायचे. ती घासाघीस करायची, एखादी पेंढी मागं ओढून ठेवायची, आणि बापाला आकडा कमी सांगायची. मग रात्री-बेरात्री ऊस भरायला गाडी लागली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायची. काकांना सांगा, कोपीवर, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीवर, मुकादमाच्या जेवढ्या नकला व्हायच्या तेवढ्या तुमच्या गॅदरिंगला होत नसतील.

ऑपरेशनचं म्हणाल तर 2019 ला बीडकडच्या तोडणीवाल्या बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या, ते भयंकरच होतं. पण तेव्हापासून कथेतल्या आमच्या बायकांना दुसरं काही होतच नाही.

लाल_पेन:
लबाडी राहू द्या. पण तोडीवरची बाई म्हणून कथेत एकटी शेवंताच असेल, तर वाचक तिलाच सगळ्यांच्या जागी धरणार. त्यात लिहिणारी बागायतदाराची लेक. टोळीतली दुसरी बाई आणा, जिला शेवंताचं वागणं बिलकुल पसंत नाही, कारण मुकादम वसुलीला आला की तिलाही जाब द्यावा लागतो. तिनं शेवंताला जे सुनवायचं ते सुनवू दे, तुम्ही मध्ये पडू नका.

आणि बागायतदार कुठाय हो? मजुरांनी खुशाली, म्हणजे वरची बक्षिसी, मागितली की चारचौघांत कुरकुर करणारा? की तो सोयीनं शेताबाहेर राहिलाय?

घाटावरची:
दुसरी बाई आली, शेवंताची जाऊ. भलतीच फटकळ निघाली. मोर्चा नाही, ऑपरेशन नाही, हसणं आहे तसंच. बागायतदाराचं जरा अवघड आहे, आमचे अण्णा दिवाळी अंक पहिल्या पानापासून वाचतात. तरी खुशालीचा प्रसंग लिहायला घेतलाय. कोयतेदादा, वाढ्यांची घासाघीस वापरली तर चालेल का?

कोयत्याचा_पोरगा:
वापरा की बिनधास्त. फक्त वस्तीची खूण राहू देऊ नका. बाप अजून आहे आमचा, आणि वाचतो.