दंड कंपनीने भरला, भरपाई शहराने दिली. निर्णय घेणारे कुठे आहेत?

प्रश्न
विचारणारे: शेवटचे पान

सार्वजनिक हानीची प्रकरणे शेवटपर्यंत वाचायची सवय मी काही वर्षांपूर्वी लावून घेतली. घटना पहिल्या पानावर येते, निकाल मात्र आतल्या पानावर शोधावा लागतो आणि तो वाचून झाल्यावर दर वेळी एकच शंका उरते. मिनिआपोलिस शहरात मे २०२० मध्ये पोलीस अधिकाऱ्याने मानेवर गुडघा दाबून धरल्यामुळे जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर देण्याचे मार्च २०२१ मध्ये ठरले, पण ते शहराने दिले, म्हणजे अखेर नागरिकांच्याच करातून गेले. त्या अधिकाऱ्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली हे मला ठाऊक आहे; मात्र अशी शिक्षा इतकी विरळ आहे की तिची जगभर बातमी होते. बोइंगच्या ७३७ मॅक्स जातीच्या दोन विमानांच्या अपघातांत, ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये, एकूण ३४६ माणसे गेली. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने अमेरिकी न्याय विभागाशी २५० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार केला आणि खटला पुढे ढकलला गेला. त्यातला फौजदारी दंड २४ कोटी ३६ लाख डॉलर होता, १७७ कोटी डॉलर विमानांचे ग्राहक असलेल्या कंपन्यांसाठी होते आणि मृतांच्या वारसांसाठी ५० कोटी.

माझा प्रश्न असा की, कंपनी असो वा पोलीस दल, पैसा संस्थेच्या तिजोरीतून जातो आणि निर्णय घेणारी व्यक्ती बाजूला राहते, तर उपाय नेमका कुठे करायचा? दंड आणखी मोठा करावा, की व्यक्तींवर खटला चालवणे सोपे करावे?

उत्तर
लिहिणारे: जुना वकील

आपण कंपनी आणि पोलीस यांना एका ओळीत बसवले आहे, ते वरवर विसंगत वाटले तरी मला योग्य वाटते, कारण दोन्हीकडची अडचण एकच आहे. फौजदारी कायदा माणसाच्या मनातला हेतू किंवा बेफिकिरी शोधतो आणि संस्थेला मन नसते. त्यामुळे इंग्लंडमधील न्यायालये बराच काळ असे म्हणत आली की, कंपनीला मनुष्यवधासाठी दोषी धरायचे असेल तर जिला कंपनीचे मन म्हणता येईल अशी एक वरिष्ठ व्यक्ती स्वतः दोषी ठरली पाहिजे.

याचा परिणाम काय झाला, ते ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुग बंदराबाहेर उलटलेल्या ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ या फेरीबोटीच्या प्रकरणात दिसते. गाड्या आत घेण्याचे पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच बोट निघाली आणि १९३ माणसे दगावली. ज्याने दरवाजे लावायचे तो खलाशी झोपला होता. ते लागले की नाही हे नौकेच्या कप्तानाला दाखवणारी कोणतीही सोय नव्हती. आणि ढिलाई कंपनीच्या वरपासून खालपर्यंत भिनलेली होती, असे चौकशीतच निष्पन्न झाले. तरीही १९९० मध्ये कंपनीवरचा खटला कोसळला, कारण सगळा दोष सामावेल असा एकही वरिष्ठ अधिकारी दाखवता आला नाही. म्हणजे दोष जितक्या जास्त टेबलांवर वाटला जाईल, तितकी कंपनी सुरक्षित! छोट्या कारखान्याचा मालक अशा वेळी सापडतो, मोठ्या कंपनीचे संचालक मंडळ सापडत नाही. हे बदलण्यासाठी ब्रिटनने २००७ मध्ये वेगळा कायदा केला आणि वरिष्ठ व्यवस्थापनाने कारभार कसा चालवला याकडे एकत्रितपणे पाहण्याची मुभा न्यायालयांना दिली. मात्र त्या कायद्याखाली शिक्षा होते ती संस्थेला, प्रामुख्याने दंडाची. व्यक्तीवर त्याखाली खटला भरताच येत नाही. आपली शंका तिथेही शिल्लक राहतेच.

दंड मोठा हवा की नको, याबद्दल भोपाळचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. दिल्लीतील एका कारखान्याच्या ऑलियम वायूगळतीच्या वेगळ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये सांगितले होते की, धोकादायक उद्योग करणाऱ्यावर हानीची संपूर्ण जबाबदारी राहील, तिला अपवाद नसेल, आणि उद्योग जितका मोठा व सधन तितकी भरपाई मोठी असेल. हे तत्त्व भोपाळच्या दाव्यात अंतिम निकालापर्यंत पोहोचण्याआधीच, फेब्रुवारी १९८९ मध्ये, ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. सरकारने मागितले होते ३३० कोटी. फौजदारी बाजूला १९९६ मध्ये आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणावर आणला गेला, ज्याची कमाल शिक्षा तेव्हा दोन वर्षे होती, आणि जून २०१० मध्ये सात अधिकाऱ्यांना तेवढीच झाली. माझ्या मते दोन्ही हवे: उलाढालीच्या प्रमाणात दंड आणि धोका ठाऊक असूनही गप्प बसलेल्या वरिष्ठावर व्यक्तिगत खटला.

उत्तर
लिहिणारे: दप्तरखाना

वकीलसाहेबांच्या माहितीबद्दल आभार, पण शिक्षेची चर्चा एक पायरी उशिराची आहे, असे मला वाटते. शिक्षा किती द्यायची हा प्रश्न दोष सिद्ध झाल्यावर येतो, आणि दोष सिद्ध करणारे कागद पहिल्या दिवसापासून आरोपीच्याच कपाटात असतात. पोलीस आणि कंपनी यांच्यातले खरे साम्य मला इथे दिसते.

जपानमधील मिनामाता घ्या. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात जाणाऱ्या पाऱ्यामुळे माणसांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होत होता. रोगाची अधिकृत नोंद मे १९५६ मधली. १९५९ मध्ये कंपनीच्याच रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराला खाऊ घालून तीच लक्षणे उमटतात हे पाहिले. कंपनीने तो निष्कर्ष दडवला आणि त्याच वर्षअखेरीस रुग्णांना थोडी ‘सहानुभूतीची’ रक्कम देऊन, पुढे कारखाना दोषी ठरला तरी आणखी काही मागणार नाही, असे लिहून घेतले. पाण्यात पारा सोडणे १९६८ पर्यंत चालू राहिले. न्यायालयाने १९७३ मध्ये तो करार रद्द ठरवला, आणि त्या खटल्यात महत्त्वाची ठरली होसोकावा यांनी मरणापूर्वी रुग्णशय्येवरून दिलेली साक्ष. १९५९ ते १९६८ या नऊ वर्षांत दंड दुप्पट होता की चौपट, याने काय फरक पडला असता? मांजराची नोंदवही कंपनीबाहेर एखाद्या अधिकाऱ्याच्या हाती असती, तर पडला असता.

पोलिसांकडे वळू. इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी चेंगराचेंगरी झाली. तिच्या बळींची संख्या आज ९७ आहे. सुरुवातीला पोलिसांकडून दोष प्रेक्षकांच्या दारूवर आणि दांडगाईवर ढकलला गेला. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागद उघडले, तेव्हा १६४ पोलिसांच्या जबाबांत मोठे फेरफार झाल्याचे आणि ११६ जबाबांतून पोलिसांना प्रतिकूल असलेला मजकूर गाळल्याचे दिसले. मृत्यू बेकायदा होते, हे ज्यूरीने २०१६ मध्ये म्हटले, म्हणजे २७ वर्षांनी. आणि आपण दिलेल्याच मिनिआपोलिसच्या उदाहरणात पोलिसांचे पहिले प्रसिद्धिपत्रक काय म्हणत होते? अटकेदरम्यान ‘वैद्यकीय घटना’ घडून एक माणूस दगावला, इतकेच. रस्त्यावरच्या एका मुलीने चित्रफीत घेतली नसती, तर तेच वाक्य इतिहास झाले असते.

उत्तर
लिहिणारे: नट-बोल्ट

मी अभियंता आहे, म्हणून एक सावधगिरीची सूचना. व्यक्तीवर खटला चालवा म्हटले की फास बहुधा खालच्या माणसाच्या गळ्यात बसतो. बोइंग प्रकरणात फौजदारी खटला एका माजी मुख्य तांत्रिक वैमानिकावर चालला आणि मार्च २०२२ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. संचालकांपैकी कोणीही आरोपीच्या पिंजऱ्यात दिसला नाही. शिवाय तुरुंगाची भीती वाढली की माणसे चुका कागदावर लिहिणे सोडतात. विमान अपघातांच्या चौकशीचा एकमेव उद्देश पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष ठरवणे नाही, असे आंतरराष्ट्रीय नियमांत याच कारणासाठी म्हटले आहे. तेव्हा कारण शोधणारी चौकशी आणि दोष ठरवणारा तपास वेगळ्या हातांत असावेत. चूक कळवणाऱ्याला संरक्षण द्यावे, कळलेली चूक दडवणाऱ्याला देऊ नये.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
लिहिणारे: शेवटचे पान

शेवटचे वाक्य पटले. पण मग निदान हिल्सबरोमध्ये जबाब बदलणाऱ्यांना तरी शिक्षा झाली का?

उत्तर
लिहिणारे: दप्तरखाना

नाही. दोन निवृत्त पोलीस अधिकारी आणि दलाचे तेव्हाचे वकील यांच्यावरचा खटला मे २०२१ मध्ये न्यायाधीशांनीच संपवला. कारण वाचून मी थक्क झालो: ते जबाब ज्या चौकशीसाठी तयार केले होते ती न्यायालयीन कार्यवाही नव्हती, म्हणून त्यांत बदल करणे म्हणजे न्यायाच्या मार्गात अडथळा आणणे ठरत नाही. मृतांचे नातेवाईक म्हणूनच शिक्षावाढीपेक्षा वेगळी मागणी लावून धरत आले: सार्वजनिक अधिकाऱ्याने कोणत्याही चौकशीत खरे आणि पूर्ण सांगणे हे कायदेशीर कर्तव्य असावे.

नट-बोल्ट यांच्या वेगळ्या हातांच्या सूचनेचे नमुनेही आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये २००० पासून पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा तपास पोलीस दलाबाहेरचा लोकपाल करतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितले आणि डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण शक्यतो १८ महिने, किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. एक कलम मला त्यात जोडावेसे वाटते. ज्याच्या ताब्यात नोंद होती त्याला ती दाखवता आली नाही, तर ती त्याच्याविरुद्धच होती असे गृहीत धरून खटला पुढे चालावा, मग ते कोठडीतले चित्रण असो वा कारखान्याची चाचणीवही. कॅमेरा नेमका त्याच रात्री बंद होता, हे सिद्ध करण्याचा भार मृताच्या आईवर नको, ठाणेदारावर हवा.