४१व्या वर्षी ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) असिस्टंटचा कोर्स: झेपेल का?

कराडची_कोलंबसात

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी कोलंबस, ओहायोत राहते. वय ४१. कराडला २००५ साली बी.कॉम. केलं, तिथल्याच एका पतसंस्थेत सहा वर्षं कॅशवर बसले, मग लग्न, मग इकडे. एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीमागे बायकोला मिळणारा व्हिसा) अकरा वर्षं घर सांभाळलं. गेल्या वर्षी ग्रीनकार्ड हातात पडलं आणि माझ्या मुलींच्याच शाळेत मदतनीसाची नोकरी धरली. स्पेशल एज्युकेशनचा वर्ग, तासाला १७ डॉलर.

त्या वर्गात मंगळवारी आणि गुरुवारी एक बाई येतात. आमच्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला जॅकेटची चेन लावता येत नाही. बस दारात उभी असते, म्हणून आम्ही सगळ्या पटकन लावून देतो, विषय संपला. या बाईंनी चेनच्या टोकात साधी किल्ल्यांची रिंग अडकवली, त्याच्या मागे जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि त्याचं बोट त्या रिंगेत घालायला लावलं. रोज नाही, आठवड्यातून दोनदाच. तीनेक आठवड्यांनी त्याने एका दुपारी चेन हनुवटीपर्यंत नेली. मग खाली. मग परत वर. अकरा वेळा. (मी मोजलं. कॅशवर बसायची सवय.) बस खोळंबली, ड्रायव्हर वैतागला, आणि मला काय झालं कोण जाणे, मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

त्या टीचर असतील असं मला वाटत होतं. विचारलं तर म्हणाल्या, मी सीओटीए, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट. रोजची कामं ज्याची त्याला करता यावीत म्हणून शिकवायचं. दोन वर्षांचा कोर्स केलाय.

तेव्हापासून डोक्यात हेच. पण दहावीनंतर सायन्सचं पुस्तक उघडलेलं नाही. नवरा म्हणतो कर, पण त्याच्या 'कर' मध्ये 'बघ बाई तुझं तू' आहे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "लोकांचं हगणंमुतणं काढायला शिकायचं, आणि वर आपणच फी भरायची?" मोठी आठवीत, धाकटी चौथीत. ॲनाटॉमी झेपेल का? आणि सासूबाई म्हणतात ते कितपत खरं आहे? कोणी केलंय का हे?

---

हळदीचे_पोहे

तुला 'तू'च म्हणते गं, मी ५१ची आहे, चालेल ना? न्यू जर्सीत एका नर्सिंग होमच्या रिहॅबमध्ये सीओटीए म्हणून माझं नववं वर्ष चालू आहे. कोर्सला बसले तेव्हा चाळीस पुरी व्हायला दोन महिने होते. लातूरची इतिहासातली बी.ए., म्हणजे सायन्समध्ये मी तुझ्याही मागे. तू निदान आकड्यांतली.

रुक्ष भाग आधी उरकते. कॉलेज एसीओटीईची (ओटीच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेलंच हवं, नाहीतर एनबीसीओटीच्या, म्हणजे देशपातळीवरच्या सर्टिफिकेटच्या, परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा चार तासांची, गुण ३०० ते ६०० च्या पट्टीवर, ४५० ला पास. मग राज्याचं लायसन्स. काही ठिकाणी आता चार वर्षांची डिग्रीही आहे, पण नोकरीला दोन वर्षांची असोसिएट पुरते. आणि जाहिरातीत 'एड' लिहिलंय की 'असिस्टंट' ते नीट बघ. एडला डिग्री लागत नाही, पण त्याला पेशंटला थेरपी देता येत नाही. त्याने चादरी बदलायच्या, सामान लावायचं. मी कम्युनिटी कॉलेजात गेले, पुस्तकंबिस्तकं धरून १४ हजार डॉलर लागले. खासगीत हाच कोर्स कितीतरी महाग. बॅचला २४ जागा होत्या, त्यामुळे आधीच्या विषयांत चांगले गुण लागतात. शिवाजी विद्यापीठाची गुणपत्रिका मूल्यमापनासाठी आजच मागवायला घे, इंग्रजी-स्टॅट्सचे एकदोन क्रेडिट वाचले तर वाचले.

ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या दोन सेमिस्टर असतात, लॅबसकट. पहिल्या परीक्षेत मला ५८ मिळाले. मग मनगटाची आठ हाडं मी बे एकं बेच्या चालीवर पाठ केली: स्कॅफॉइड-लुनेट, ट्रायक्वेट्रल-पिसिफॉर्म... पोळ्या लाटताना म्हणायचे, मुलगा चिडवायचा. आजही कोणी मनगट धरून आलं की आत पाढा सुरू होतो. आपण पाठांतरात वाढलेल्या बायका आहोत, ॲनाटॉमीला घाबरू नकोस.

एक फुकटचा सल्ला. दंडावर बीसीजीचा वण आहे ना? फील्डवर्कच्या, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटबरोबरच्या सरावाच्या, आधी टीबीची चाचणी मागतात. त्वचेवरची केलीस तर बीसीजीमुळे हात फुगू शकतो, मग छातीचा एक्स-रे आणि नसती धावपळ. रक्ताची चाचणी मागून घे, तिला बीसीजीने फरक पडत नाही. माझे यात तीन आठवडे गेले.

हे सगळं जमतं. मला जमेना ते वेगळंच होतं.

माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा आम्ही दोघी जावांनी त्यांचं सगळं केलं. घास भरवण्यापासून बंडी घालण्यापर्यंत, दोन वर्षं. गावात आमचं नाव निघालं. त्यांची उजवी बाजू गेली होती, डावा हात चांगला होता. शेवटीशेवटी तो चांगला हातही मांडीवरून उठेनासा झाला. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आता फील्डवर्क. लेव्हल टू म्हणजे आठ-आठ आठवड्यांच्या दोन खेपा, पूर्णवेळ, बिनपगारी. पहिल्या खेपेला मला एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर मिळाले. स्ट्रोक, उजवी बाजू लुळी. त्यांना एकच हवं होतं, स्वतःच्या बुटाची लेस स्वतः बांधायची. एका हाताने लेस बांधायची युक्ती असते: एका टोकाला गाठ मारून ते खालच्या भोकात अडकवायचं, दुसरं टोक नागमोडी ओवत वर आणायचं आणि शेवटी त्याचाच फास करून खोचायचा. शिकवली. त्यांची बोटं घामेजली होती, लेस सारखी निसटत होती, तोंडाने शिव्या चालू. दहा मिनिटं झाली. पुढचा पेशंट साडेदहाचा. मी घड्याळ बघितलं, खाली वाकले आणि बांधून टाकली. म्हातारबाबा "थँक यू, हनी" म्हणाले. मला छान वाटलं.

माझी सुपरवायझर दारात उभी होती. ती आली, उकिडवी बसली, मी बांधलेली लेस सोडली, सगळ्या भोकांतून ओढून काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांना म्हणाली, सावकाश करा. माझ्याशी अवाक्षर नाही.

दुपारी तिने माझी नोट समोर ठेवली. मी 'मिनिमल असिस्ट' लिहिलं होतं. त्याचा अर्थ कामाचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग पेशंटने स्वतः केला. निम्म्यापासून पाऊणपर्यंत केला तर 'मॉडरेट', त्याहून कमी केला तर 'मॅक्सिमम'. तिने विचारलं, "लेस कोणी बांधली?" मी गप्प. मग तिने आठवडाभराच्या नोटा काढल्या. शर्टाची बटणं कोणी लावली? ब्रशवर पेस्ट कोणी काढली? मिडटर्मला मला काठावर ठेवलं, पुन्हा असं झालं तर पास करता येणार नाही म्हणाली. पार्किंगमध्ये हीटर लावून अर्धा तास रडले. चाळीस वर्षं ज्याबद्दल शाबासकी मिळाली, त्यालाच नापास. आणि त्या रात्री मला सासऱ्यांचा डावा हात आठवला.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला लागले. अक्षरशः. सहाव्या आठवड्यात म्हातारबाबांनी एक बूट बांधला. अठरा मिनिटं. दुसरा बांधायची ताकद उरली नव्हती, तो वेल्क्रोचा घातला.

तेव्हा तुझ्या सासूबाईंचं अर्धं खरं आहे. संडास-बाथरूम आमच्या कामात रोज आहे. आमच्याकडे विनोदच आहे: पीटी (फिजिओथेरपिस्ट) पेशंटला बाथरूमच्या दारापर्यंत चालवत नेतो, आतलं सगळं ओटीचं. पण ते आपण काढायचं नसतं, त्यांचं त्यांना जमेल असं बघायचं असतं. आपल्यासारखीला हे दुसरं जास्त जड जातं. तू मात्र त्या चेनवाल्या पोराकडे बघून रडलीस, म्हणजे तुझं निम्मं काम झालंय.

---

संध्या_ओटी

वरच्या ताईंनी लिहिलंय त्याला फक्त जोड देते. मी मुंबईची बी.ओ.टी.एच. (ओटीची पदवी), साडेचार वर्षं, त्यात सहा महिने इंटर्नशिप. आता पुण्यात लहान मुलांबरोबर काम करते. आपल्याकडे ओटी असिस्टंट असं वेगळं पद फारसं दिसत नाही. आमच्या वॉर्डात मदतीला असायच्या त्या मावशी आणि मामा. पेशंटला खुर्चीत कसं बसवायचं हे मी पुस्तकाआधी एका मावशींकडून शिकले. त्यांना कसलंही सर्टिफिकेट नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

अमेरिकेत पहिली तपासणी आणि उपचारांचा आराखडा ओटीचा, म्हणजे थेरपिस्टचा, असिस्टंट त्याच्या देखरेखीखाली काम करते. काहींना पुढे हे टोचतं: रोज पेशंटजवळ आपण, आणि आराखड्यावर सही दुसऱ्याची. पुढे ओटी व्हायचं तर असिस्टंटसाठी ब्रिज प्रोग्रॅम असतात, पण मास्टर्स तरी करावं लागतं.

आणि एक गंमत. मुंबईत केईएमला १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं ते कमला निंबकरांनी. त्या जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. म्हणजे ही विद्या तिकडून इकडे एका सुनेनेच आणली. सासूबाईंना सांगून बघा.

---

निरा_उजवा_कालवा

आँ? मी फलटणचा. गावातल्या कमला निंबकर बालभवन शाळेवरून हजार वेळा गेलो असेन. या बाई कोण हे आज कळतंय. धाग्याचा विषय भरकटवल्याबद्दल क्षमस्व.

---

जमाखर्च

भावनेच्या भरात एवढं लक्षात घ्या. माझी बायको टेक्सासमध्ये सीओटीए आहे. १ ऑक्टोबर २०१९ ला नर्सिंग होमला मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) पैसे देण्याची पद्धत बदलली. थेरपीच्या मिनिटांवर पैसे मिळायचे ते बंद झाले. ती होती त्या कंपनीने त्याच महिन्यात तिचे तास ४० वरून २४ वर आणले. १ जानेवारी २०२२ पासून मेडिकेअरच्या पार्ट बीखाली, म्हणजे मुख्यतः बाह्यरुग्ण सेवांच्या भागात, असिस्टंटने दिलेल्या सेवेला ८५ टक्केच पैसे मिळतात. पगार वाईट नाही. देशभरातला मधला आकडा २०२३ मध्ये वर्षाला ६७ हजारांच्या आसपास होता. पण एकाच ठिकाणी पूर्णवेळ आणि इन्शुरन्ससकट मिळेलच असं समजू नका. शाळेतली नोकरी मिळाली तर मुलींच्या सुट्ट्या आणि तुमच्या सुट्ट्या जुळतील, पण तिथे पगार कमी आणि एकेका असिस्टंटकडे दोन-तीन शाळा. कर्ज काढून खासगी कॉलेज करू नका, एवढंच माझं म्हणणं. बायको मात्र सोडायला तयार नाही.

---

कराडची_कोलंबसात

सगळ्यांचे मनापासून आभार. पोहेताई, तुमचं लिहिणं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, धाकटीच्या बुटाची लेस अजून आपणच बांधतो की. ती नऊ वर्षांची आहे! आज सकाळी आम्ही दोघं हात मागे घेऊन उभे राहिलो. बस चुकली. मी सोडून आले.

जमाखर्च, आकड्यांसाठी विशेष धन्यवाद, मला असंच कोणीतरी हवं होतं. कर्ज काढणार नाही. संध्याताई, कमला निंबकरांचं सासूबाईंना सांगितलं. "ती मोठ्या घरची सून होती," म्हणाल्या. घ्या!

जवळच्या कम्युनिटी कॉलेजात उन्हाळ्यात ॲनाटॉमी-एक आहे, संध्याकाळी साडेपाच ते नऊ, लॅबसकट. सध्या तेवढा एकच विषय घेतेय. शाळेतल्या त्या सीओटीए बाईंनी निरीक्षणाच्या तासांसाठी त्यांच्या ओटीला विचारते म्हटलंय. ॲनाटॉमीचं रंगवायचं पुस्तक घ्यावं का हो? दुकानात बघितलं, नव्याची किंमत फार वाटली.

---

हळदीचे_पोहे

नवं घेऊ नकोस. माझं पडून आहे, मधल्या कित्येक पानांत रंगच भरलेला नाही. खांद्याच्या पानावर वरणाचा डाग आहे, तेवढा चालवून घे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, शनिवारी पोस्टात टाकते.