सडा सपाट झाला, फुलपाखरांचे फोटो आता कुठे काढू?

रात्रपाळी_पेडणे:
नमस्कार मंडळी. घर गोव्यात, पेडणे तालुक्यात, नोकरी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत. रात्रपाळी सुटली की झोपायच्या आधी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एक फेरी मारायची, ही माझी जुनी खोड. त्या वेळी ऊन नुकतं चढत असतं, फुलपाखरं पंख पसरून अंग शेकत बसलेली असतात, आणि मीही अर्धा झोपेत असल्यामुळे सावकाश चालतो. आमचं जमतं.

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि इकडच्या जमिनींचे भाव कुठच्या कुठे गेले. आमच्या सड्यावर आधी चिऱ्यांची खाण होती, आता प्लॉट पडलेत. चवथीच्या दिवसांत जिथे सीतेची आसवं, गेंद, तेरडा फुललेला असायचा, तिथे तांबडी माती ओढून ठेवलीय. एका कुंपणाच्या आत विकतचं हिरवंगार लॉन आहे. त्यावर फुलपाखरू बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता मला जे काही मिळतं ते रस्त्याकडेच्या घाणेरीवर, नाहीतर एकदांडीवर. म्हणून तीन प्रश्न:
घराच्या कुंपणाला घाणेरीच लावू का? ब्लू मॉरमॉन तिच्यावर हमखास येतो.
माझ्याकडे जुना डीएसएलआर आणि ७०-३०० लेन्स आहे. कर्ज काढून मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, घेण्यात अर्थ आहे का?
आणि फोटो टाकला की लोक जागा विचारतात. सांगावी का? मागे एकदा सांगितली, तर पुढच्या रविवारी सड्यावर मोटरसायकली फिरत होत्या.

ट्रायपॉड_नाही:
दादा, लेन्स घेऊ नका. ७०-३०० ने लांबून काढता येतं, फुलपाखरू बुजत नाही. मॅक्रो घेतलीत तर पोटावर सरपटावं लागेल, आणि सड्यावर सरपटायचं म्हणजे खालची आसवं चिरडायची. फारच जवळ जायचं असेल तर स्वस्तातली एक्सटेन्शन ट्यूब (लेन्समागे लावायची पोकळ नळी) लावा. लेन्सचं छिद्र एफ/८ ठेवा. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखांना समांतर धरा, नाहीतर डोळा फोकसमध्ये आणि शेपटी धूसर. उन्हाळ्यात घाटाकडे ओढ्याच्या ओल्या वाळूवर बघा. क्षार शोषायला नर घोळक्याने बसतात, तुमच्याकडे लक्षही देत नाहीत. बाकी झाडांचं मला काही कळत नाही, बाई सांगतील.

कुळागरातली_बाई:
सांगते. सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेय, त्यामुळे उत्तर लांबणार.

घाणेरी लावू नकोस पुता. ती बाहेरून आलेली, एकदा शिरली की खाली दुसरं काही उगवू देत नाही. आणि मुख्य म्हणजे फुलपाखरू घाणेरीवर फक्त मध प्यायला येतं. अंडी घालायला त्याला ठरलेलं झाड लागतं, तिथे तडजोड नाही. तुझ्या ब्लू मॉरमॉनच्या अळीला लिंबाच्या जातीचं झाड हवं. प्लेन टायगरला रुई. ती तर आपण दिसली की उपटतो. रेड पियरोला पानफुटी, कुंडीतली असली तरी चालते. कॉमन बॅरनची अळी आंब्याच्या नाहीतर काजूच्या पानावर मधल्या शिरेवर अशी आडवी पडते की समोर असून दिसत नाही. तिचा फोटो काढून दाखव, मग तुला मानीन.

तायकिळो, म्हणजे टाकळा, घरोघरी असतो. पहिल्या पावसात कोवळा खुडून भाजी करतोच ना आपण? वर वाढेल तो तसाच राहू दे, ग्रास यलो त्यावर अंडी घालते. आमच्या वाड्यावर चवथीच्या आधी रस्त्याच्या कडा यंत्राने तासून काढतात. पाव्हण्यांना स्वच्छ दिसतं म्हणे. ब्राऊन जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या गवतच खातात, त्या कापलेल्या भाऱ्यांबरोबर जातात. मी परसातला एक पट्टा पाऊस संपून गवत वाळेपर्यंत कापू देत नाही. शेजारीण म्हणते साप येतील. येतात, आणि जातात.

जागा असेल तर सापसंदाचा वेल लाव. सदर्न बर्डविंग आणि क्रिम्झन रोझ त्यावर वाढतात. अळ्यांत वेलाचं विष साठतं, म्हणून पक्षी त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. आणि खुळखुळा ठेव. त्याच्या वाळक्या काड्यांवर टायगर जातीचे नर झुंबड करतात, माद्यांना रिझवायचा गंध त्यांना त्यातून बनवायचा असतो. तेव्हा फोनने काढलास तरी फोटो येईल.

ग्रामसभा_बार्देश:
तिसऱ्या प्रश्नावर. इन्स्टावर जागा नका सांगू. पण लपवून घरातही ठेवू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नेमकी जागा झाकून नोंद करता येते. त्याहून महत्त्वाचं, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिथे तारीख-जागेसह फोटो द्या.

फक्त एक करा. तुम्हा लोकांचे फोटो फार सुंदर असतात, मागे सगळं लोण्यासारखं धूसर. त्यातून फुलपाखरू कळतं, सडा कळत नाही. ग्रामसभेत बिल्डरचा माणूस म्हणतो, ही तर पडीक जमीन. त्याला दाखवायला मला फूल, पान, अळी आणि मागचा कातळ एकाच चौकटीत हवा. देखणा नसला तरी चालेल.

ट्रायपॉड_नाही:
म्हणजे छिद्र आणखी लहान, एफ/१६. पाठीमागचंही बऱ्यापैकी स्पष्ट येईल. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा लागेल, दाणे दिसले तर दिसू देत.

रात्रपाळी_पेडणे:
आभारी आहे सगळ्यांचा. लेन्स रद्द. खरं सांगायचं तर माझ्या हार्ड डिस्कवर शेकडो फुलपाखरं आहेत आणि अळी एकही नाही. सड्याचा पलीकडचा तुकडा अजून शाबूत आहे, मोजणीचे दगड पडलेत फक्त. उद्यापासून तिथे कातळासकट काढतो. पंचायतीत समितीचं विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, कागदावर आहे.
बाई, सापसंद कुठे मिळेल? इथल्या नर्सरीत विचारलं तर त्याने मला बोगनवेल दाखवली.

ग्रामसभा_बार्देश:
कागदावर असली तरी पुरे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

कुळागरातली_बाई:
वेल माझ्याकडे आहे. पावसाच्या सुरवातीला ये, फांद्या देते. जून झालेली फांदी ओल्या मातीत खोचलीस की बहुतेक वेळा लागते. नंतर अळ्यांनी सगळा वेल खाऊन टाकला की मला फोन करून रडायचं नाही. आणि आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती फवारा मारेल.